वाऱ्याची जाडी

रविराज पुण्याची नोकरी सोडून शिरोड्याला परत आला, तेव्हा बाजारात निम्मे लोक म्हणत होते की त्याला काढून टाकलं, आणि उरलेले निम्मे म्हणत होते की डोक्यावर परिणाम झाला. खरं कारण दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पण ते इतकं साधं होतं की सांगण्यात काही मजा नव्हती. त्याचा बाप लवू, ज्याने उभा जन्म होडी आणि जाळं याशिवाय कशाला हात लावला नाही, तो २००६ च्या दिवाळीनंतर एका सकाळी जाळं ओढता ओढता वाळूत बसला आणि उठलाच नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आमच्याकडे याला अंगावरून वारं गेलं म्हणतात.

घरात आणखी एकच माणूस, आई मथुरा. ती बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि आता घर चालायचं ते तिच्या पाटीवरच. पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लवूकाका अंगाने दांडगे. मथुराकाकीला ते हलत नसत, आणि हलले असते तरी ती बाजारात असायची. म्हणून रविराज आला. एवढंच कारण.

माझा तेव्हा बाजारात सायबर कॅफे होता. चार कॉम्प्युटर, एक पंखा, आणि टेलिफोनची एक तार, जी जरा आभाळ आलं की रुसून बसायची. रविराज माझ्याच वर्गातला. आमच्या शाळेत गणिताच्या तासाला आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो, आणि हा फळ्याकडे बघायचा. त्यामुळे पुढे तो इंजिनिअर झाला आणि मी बी.कॉम. होऊन कॅफेत बसलो, यात कोणालाच नवल वाटलं नाही. पण तो पुण्यात नेमकं काय करतो, हे शिरोड्यात कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याच्या आईला तर नाहीच. ती विचारणाऱ्याला म्हणायची, "कॉम्प्युटराचा कायतरी. बसान असता."

ते सांगण्याची वेळ वेळागरच्या किनाऱ्यावर आली. मथुराकाकी बाजारातून परतली की संध्याकाळी रविराजला तासभर मोकळा वेळ मिळायचा. तो, मी आणि शिवा असे तिघे पुळणीवर जाऊन बसायचो. शिवाचं माझ्या कॅफेसमोर चहाचं दुकान आहे. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचं असतं, आणि नाकाचा आकारही त्या मानाने आहे.

"खरा सांग," शिवाने विचारलं, "पुण्यात तू करी काय होतंस?"

"वाऱ्याचो हिशोब."

"म्हणजे?"

रविराजने त्याला वाळूकडे बोट दाखवलं. "आडवो पड."

"कित्याक?"

"पड रे. नाक वाळूत घाल. वारो लागता?"

"वाळू लागता."

"आता बस. आता उभो रव."

शिवा उभा राहिला तशी त्याची लुंगी फुगली आणि त्याला ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

"वारो तोच," रविराज म्हणाला. "जमनीक चिकटलेलो वारो चलना नाय. तेच्या वयलो तेका घासता, म्हणान तोय हळू चलता. असा करीत वर गेलंस काय एक जागा येता, थयसून वर वाऱ्याक जमीन आसा काय नाय, तेचा कायएक पडलेला नसता. जमनीपासून त्या जागेपर्यंत जो थर, तेची जाडी मी मोजतंय. जमनीवर नाय, पवनचक्कीच्या पात्यावर. त्याव खऱ्या पात्यावर नाय, कॉम्प्युटरातल्या."

"आणि ती जागा खंय येता, ता कोण ठरवता?"

"कोण नाय. वारो एकदम सुटना नाय, हळूहळू सुटता. म्हणान लोकांनी आपला ठरवन टाकल्यानी, भायल्या वेगाच्या शंभरातले नव्याण्णव झाले काय सुटलो म्हणाचा."

शिवाने थोडा विचार केला. "म्हणजे एक टक्को अडाकलेलोच."

"एक टक्को अडाकलेलोच."

"माझ्या मेव्हण्यासारख्या. मुंबैत घर घेतल्यान, आता गावाशी संबंध नाय म्हणता, आणि आंबे पिकले काय हजर."

त्या संध्याकाळपासून रविराजचं नाव 'वारेवालो' पडलं. आमच्या गावात टोपणनाव आडनावापेक्षा आधी चिकटतं आणि सरणावरच सुटतं. तो बाजारातून चालला की शिवा गाळणं हातात धरून ओरडून विचारायचा, "काय रे, आज किती जाड?" आणि रविराज न थांबता उत्तर द्यायचा. कधी "तुझ्या चायच्या साईपेक्षा जाड," कधी "तुझ्या अकलेइतको पातळ, दिसना नाय." रोज नवीन उत्तर. ऐकायला भाजीवालीसुद्धा मान वर करायची.

आता त्याच्या नोकरीचं. पुण्यातली ती कंपनी लहान होती, छोट्या पवनचक्क्यांची पाती करायची. तिथे त्याच्यावर योगिनी मॅडम म्हणून एक बाई होत्या. रविराजने राजीनामा दिला तो त्यांनी मालकांकडे पाठवलाच नाही. मार्च महिन्यात त्यांचा फोन आला. रविराजचा मोबाईल घरात लागत नसे, म्हणून फोन माझ्या कॅफेत. मी काउंटरवर होतो, आणि मला कानात बोळे घालून बसायची सवय नाही.

काम असं होतं. कंपनीने नव्या पात्याच्या छेदावरून वाहणाऱ्या वाऱ्याचं सिम्युलेशन केलं होतं, वाऱ्याचा कोन थोडा थोडा वाढवत. प्रत्येक कोनाला लाखो आकडे. त्यातून त्या थराची जाडी पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंत कशी वाढत जाते, ते काढायचं. तिथली मुलं ते पडद्यावरच्या रंगीत चित्रावर डोळ्यांनी मोजत होती आणि प्रत्येकाचं माप वेगळं येत होतं. योगिनी मॅडमना स्क्रिप्ट हवी होती, म्हणजे आकडे एका बाजूने घातले की दुसऱ्या बाजूने जाडी बाहेर पडेल असा छोटा प्रोग्रॅम.

"रविराज, हे जमवलंस तर मी सरांकडे तुझी बाजू मांडू शकते," त्या म्हणाल्या. "घरी राहून काम. कायम. सरांना पटलेलं नाही, पण काम चांगलं दिसलं तर पटेल."

"आणि नाही पटलं तर?"

"तर जून महिन्यात तुझ्या जागेवर दुसरा माणूस घेणार."

२००७ साली शिरोड्यात बसून पुण्याची नोकरी करायची, ही कल्पना ऐकून मला हसू आलं होतं. रविराजला नाही आलं. त्याने फोन ठेवला आणि माझ्या टेलिफोनच्या तारेकडे असं पाहिलं, जसं नवरामुलगा होणाऱ्या सासऱ्याकडे बघतो.

भीती खरीच होती. एका कोनाची फाइल एवढी मोठी, की माझ्या तारेवरून उतरायला रात्र जायची, आणि पहाटे तार रुसली की पुन्हा पहिल्यापासून. योगिनी मॅडमनी सगळा डेटा डीव्हीडींवर घालून कुरिअरने पाठवला. कुरिअर सावंतवाडीपर्यंतच यायचं. तिथून पुढे पार्सल कोणत्या गाडीत बसलं, कुठे उतरलं, कोणालाच सांगता येईना. रविराज आठवड्यात दोनदा सावंतवाडीला जाऊन आला. तो गेला की मला त्याच्या घरी बसावं लागे, लवूकाकांपाशी. ते माझ्याकडे डाव्या डोळ्याने बघत. उजवा अर्धा मिटलेला असे. शाळेत असताना त्यांच्या जाळ्यातले तारले आम्ही चोरायचो. ते त्यांना तेव्हाही माहीत होतं आणि त्या डोळ्यावरून वाटे, की अजूनही आठवतं आहे.

डीव्हीडी येईनात, मे उजाडला. तेव्हा रविराजने एक युक्ती काढली. मला ती युक्ती त्या दिवशी फार आवडली होती.

"सगळो वारो आमका होयो कित्याक?" तो म्हणाला. "पात्यापासून लांबचो वारो थरात नसताच. मॅडमांका सांगतंय, पात्याभोवती एक पट्टी कापून पाठवा. तेवढ्यातलेच आकडे. फाइल एकदम बारीक."

पट्टी किती रुंद ठेवायची? हातात आलेल्या एक-दोन लहान कोनांच्या फायलींवरून त्याने थराची जाडी काढली, आणि सावधपणा म्हणून पट्टी तिच्या दुप्पट धरली. मॅडमनी तशी कापून पाठवली. एका दुपारी सगळ्या फायली उतरल्या. तार एकदाही रुसली नाही. आम्ही दोघांनी शिवाकडे भजी खाल्ली.

मग त्याने पडवीत कॉम्प्युटर मांडला, बापाच्या खाटेशेजारी, म्हणजे उठून दोन पावलांत कूस बदलता यावी. मी संध्याकाळी कॅफे बंद करून जायचो तेव्हा तो बापाशी बोलत बोलत लिहीत असायचा. बाप काही बोलणार नाही हे माहीत असल्यामुळे असेल, पण मी त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"हा बघ बाबा, हयसून पातां सुरू. प्रत्येक ठिकाणी मी पात्यावर काटकोनात उभो रवतंय, आणि तसोच सरळ भायर चलत जातंय. वेग वाढता, वाढता, वाढता, आणि मगे वाढाचो थांबता. थांबलो म्हणजे थर संपलो. थयचो वेग धराचो, तेचे नव्याण्णव टक्के खंय होते ता बघाचा. झाली जाडी."

आधी त्याने वेगाची तुलना पात्यापासून दूरच्या, मोकळ्या वाऱ्याशी केली होती. पात्याच्या पाठीवरून वारा मोकळ्या वाऱ्यापेक्षाही जोरात जातो, त्यामुळे आकडे वेडेवाकडे आले. ते त्याने स्वतःच पकडलं आणि सुधारलं. अशा बारीक गोष्टींत तो फार चोख होता. लवूकाका डावा हात खाटेच्या कडेवर आपटायचे, आणि तो म्हणायचा, "बाबाक पटला." मला वाटायचं की त्यांना पाणी हवंय. बहुतेक वेळा पाणीच हवं असायचं.

स्क्रिप्ट झाली. आलेखही देखणे निघाले. पुढच्या कडेला जाडी जवळजवळ शून्य, मग चढत चढत मागे. मोठ्या कोनांना मात्र रेघ मागच्या भागात चढायची थांबून आडवी होत होती. योगिनी मॅडमनी फोनवर ते विचारलंच.

"मागे सपाट का होतंय रे? सगळ्या मोठ्या कोनांना जवळपास सारखंच?"

"तिथे थर स्थिरावतोय मॅडम. वाढ थांबते असं दिसतंय." तो एकदम पुस्तकी मराठीत बोलायला लागला की समजावं, की त्याने या प्रश्नाचं उत्तर आधीच शोधून ठेवलेलं आहे. "पाठीचा आकार मागे उतरता आहे, त्यामुळे असावं."

मॅडम म्हणाल्या, "हं. म्हणजे पातं आपल्याला वाटलं त्यापेक्षा जास्त कोन सोसेल." त्यांच्या आवाजात आनंद होता. मालकांना हेच हवं होतं. थर कमी जाड म्हणजे वारा पात्याला धरून राहणार, सुटणार नाही. आठ दिवसांत निरोप आला, की जुलैपासून रविराज घरून कामावर, आणि नव्या पात्याचा साचा करायला सुतार लावला.

मथुराकाकीने त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं, "म्हणजे तो जायत नाय?"

"नाय काकी. हयसरच."

तिने पाटी डोक्यावरून उतरवली, खाटेजवळ गेली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "झिल जायत नाय हा." लवूकाकांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. त्यांच्या डोळ्यातून तसं दिवसभर पाणी यायचं, पण तिने ते पदराने पुसलं, एरवी नसती पुसत.

नवस फेडायला आम्ही माउलीच्या देवळात गेलो. नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून रविराजला हळू विचारलं, "काम कसला ता सांग. देवीक नीट कळाक होया."

रविराज माझ्याकडे बघायला लागला. शिवाने मागून सांगितलं, "वाऱ्याची जाडी मोजता."

गुरव चाळीस वर्षं गाऱ्हाणी घालतोय. त्याने श्वासही घेतला नाही. "बा देवी माउली, ह्या लवूच्या झिलाक तुझ्या कृपेन घरात रवान नोकरी गावलेली आसा. ह्यो वाऱ्याची जाडी मोजता. ह्या तेच्या कामात खंय काय वाकडा पडला आसात, खंय काय चुकला-माकला आसात, तर ता दूर कर आणि तेका येश दी."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. शिवा सगळ्यांत मोठ्याने.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सावंतवाडीहून पार्सल आलं.

मळकं, एक कोपरा चेपलेला. ते बांद्याच्या कुठल्या दुकानात पडून होतं म्हणे. आता त्याची गरजही नव्हती. रविराज म्हणाला, ठेवून दे. पण बाहेर पाऊस लागून राहिला होता, लाईट होती, बाप झोपला होता, आणि हाताला काम नव्हतं. त्याने एक मोठ्या कोनाची डीव्हीडी घातली आणि आपली स्क्रिप्ट पूर्ण, न कापलेल्या डेटावर चालवली. तपासणीसुद्धा म्हणता येणार नाही. उगाच. आपली गाडी मोठ्या रस्त्यावर कशी पळते ते बघावं तसं.

मी छत्री मिटून पडवीत शिरलो तेव्हा तो पडद्यासमोर बसला होता. दोन रेघा होत्या. एक जुनी, मागे आडवी होणारी. दुसरी तिला सोडून वर गेलेली, चढत चढत मागच्या टोकापर्यंत, दुपटीच्या वर.

"ह्या काय?"

"थर," तो म्हणाला. "पट्टीच्या भायर गेलेलो."

मला कळलं नाही. त्याने सावकाश सांगितलं. त्याची स्क्रिप्ट पात्यापासून बाहेर चालत जायची, वेग वाढायचा थांबेपर्यंत. मोठ्या कोनांना वेग थांबायच्या आधीच पट्टी संपत होती. पुढे आकडेच नव्हते, म्हणून स्क्रिप्ट शेवटच्या आकड्यालाच थराचा काठ समजून परत फिरत होती. रेघ आडवी होत होती ती पात्याच्या आकारामुळे नाही. तो आम्ही कात्रीने जिथे कापलं होतं तो काठ होता.

"एक ओळ घालूक होयी होती," तो म्हणाला. "वेग थांबाच्या आधी आकडे संपले तर बोंब मार. एकच ओळ. पुण्यात असतंय तर लागलीच नसती, थंय कोण पट्टी कापणार? आणि मॅडमांनी इचारलेला माका. इचारलेला ना? मी कारण दिलंय."

"मगे आता?"

"थर एवढो जाड झालो तर वारो सुटतलो. जोराच्या वाऱ्यात पातां थरथरतला. मोडात सुद्धा."

"पण कोणाक कळला नाय ना अजून?" हे मीच विचारलं, आणि माणसाने विचारावं असंच ते होतं. समोर त्याचा बाप झोपला होता. आत मथुराकाकी भात चढवत होती आणि बऱ्याच महिन्यांनी काहीतरी गुणगुणत होती.

रविराजने माझ्याकडे पाहिलं. "साचो झालो काय पातां बनतला. पातां बनला काय खयच्यातरी माळावर बसतला. खाली माणसा चलतली."

तो उठला, बापाची कूस बदलली, पाठीखाली उशी सारली आणि माझ्याबरोबर कॅफेत आला. मी टेलिफोन त्याच्याकडे सरकवला आणि उगाच पंख्याची धूळ पुसायला लागलो.

त्याने सगळं सांगितलं. योगिनी मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. सुताराला थांबवते." आणि फोन ठेवायच्या आधी, "पट्टी मीच कापली होती रे. माझ्याही लक्षात यायला हवं होतं."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. मालक रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. त्यांनी शांतपणे म्हटलं होतं, की मुलगा हुशार आहे, प्रामाणिक आहे, त्याची जागा आहे. पण पुण्यात. जिथे पूर्ण डेटा पोचत नाही तिथून हे काम करता येत नाही, हे त्याने स्वतःच सिद्ध केलं आहे.

"त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तू ये ना रविराज. बाबांसाठी एखादा माणूस ठेव."

"बघतो मॅडम."

बघण्यासारखं काही नव्हतं. आमच्या गावात मासळी उचलायला माणूस मिळतो, नारळ पाडायला मिळतो. दुसऱ्याच्या बापाची घाण काढायला मिळत नाही. मथुराकाकी म्हणाली, "जा तू. मी बघतंय." मग तिने आमच्यासमोरच नवऱ्याला कुशीवर वळवून दाखवायचं ठरवलं. खांद्याखाली हात घातला, जोर केला. लवूकाका अर्धे वळले आणि पुन्हा पाठीवर आले. तिने पुन्हा जोर केला. तिसऱ्या वेळेला रविराजने पुढे होऊन तिचे हात सोडवले आणि म्हणाला, "ऱ्हवांदे गो आवशी. तुका बाजाराक उशीर जाता."

शिवाने त्या दिवशी चहा देताना म्हटलं, "देवीन मात्र आयकल्यान हां. वाकडा पडला आसात तर दूर कर म्हटला होता. केल्यान दूर." त्याला ते विनोद म्हणून म्हणायचं होतं. रविराज हसलाही. पण मग शिवाला स्वतःलाच ते जमलं नाहीसं वाटलं, आणि त्याने चहा फुकट दिला. शिवा फुकट चहा देतो तेव्हा समजावं, की काहीतरी फार बिघडलेलं आहे.

रविराज रेडीला लागला, खनिजाचे ट्रक तोलायच्या काट्यावर. तिथे रात्रपाळीला कॉम्प्युटर येणारा माणूस हवा होता. ट्रक काट्यावर चढतो, आकडा पडद्यावर येतो, बटण दाबायचं, कागद निघतो, ट्रक उतरतो. दिवसभर बापाजवळ, रात्री काट्यावर. रात्री, होडीवरून परतलेल्या शेजारच्या गड्याला हाक मारून मथुराकाकी कूस बदलून घ्यायची. पहाटे रविराज येई तेव्हा त्याचे केस, भुवया, सदरा सगळं तांबडं. बाजारातून जाताना शिवा विचारायचा, "काय रे, आज किती जाड?" आणि तो सदरा झटकून म्हणायचा, "ही बघ, धूळ. हात लावन मोज." काही दिवस ते चाललं.

यात एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती मी लिहून टाकतो. सगळ्यांना वाटलं होतं की हे वर्षभराचं आहे. डॉक्टरांनाही वाटलं होतं. लवूकाकांची तब्येत बघता त्याहून जास्त कोणी धरत नव्हतं. पण रविराज त्यांना इतकं नीट ठेवायचा, की पाठीला एक ओरखडा उठला नाही. चार पावसाळे झाले. लवूकाका आहेत. जेवढी चांगली सेवा तेवढी लांब शिक्षा, असा हा हिशोब, आणि तो गणितात सगळ्यांत पुढे असलेल्या माणसापेक्षा चांगला कोणाला कळणार? तो मात्र कधी चुकूनसुद्धा कूस बदलायला विसरला नाही. मथुराकाकी एकदा माझ्या कॅफेत येऊन बसली होती, पाटी पायाशी ठेवून. म्हणाली, "देवाकडे काय मागाचा ताच माका आता समजना नाय." आणि उठून गेली.

गेल्या वर्षी, म्हणजे २००९ च्या शेवटी, योगिनी मॅडमचा फोन आला. कॅफेतच, कारण तोच नंबर त्यांच्याकडे होता. मी रविराजला बोलावून आणलं. कंपनी आता मोठी झाली होती, नवं सॉफ्टवेअर होतं, नवी मुलं होती. पण जाडी काढायला अजून त्याचीच स्क्रिप्ट चालत होती. त्याने काम सोडताना ती एक ओळ घालून दिली होती, आकडे संपले तर बोंब मार म्हणणारी.

"परवा एका मुलाच्या फाइलला तिने बरोबर अडवलं," मॅडम सांगत होत्या. "म्हटलं तुला कळवावं. इथे एक जागा निघते आहे. बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," रविराज म्हणाला.

या उत्तरात जागेबद्दलचं उत्तरही आलं होतं, आणि ते दोघांनाही ऐकू गेलं. मग त्याने स्वतःहूनच विचारलं, "मॅडम, ते पातं शेवटी कसं झालं?" त्या म्हणाल्या, चांगलं झालं, जाडी लक्षात घेऊन पाठ बदलली, तुमच्या बाजूलाच कुठेतरी डोंगरावर दोन बसवली आहेत. तो म्हणाला, "बरं झालं." फोन ठेवला आणि काउंटरवरच्या लाकडावर आपल्या बोटांचे तांबडे ठसे उठले होते, ते बाहीने पुसत बसला.

त्याच संध्याकाळी आम्ही खूप दिवसांनी वेळागरला गेलो. शिवाही दुकान लवकर बंद करून आला. भरतीची वेळ होती. वारा चांगला सुटला होता आणि सुरूची झाडं एकसारखी वाजत होती. शिवाला काय वाटलं कोण जाणे, तो लुंगी खोचून वाळूत आडवा पडला, नाक खाली, पहिल्यासारखा.

"काय रे वारेवाल्या," तो खालूनच म्हणाला, "आज किती जाड?"

आम्ही दोघं उत्तराची वाट बघत राहिलो. रविराज समुद्राकडे बघत होता. त्याच्या केसांतली धूळ वाऱ्यावर थोडी थोडी उडत होती. मग त्याने आभाळातला उजेड पाहिला, उठला आणि चपला हातात घेतल्या.

"चलतंय मी," तो म्हणाला. "बाबाची कूस बदलूची आसा."